वळचणीचे पाणी आढ्याला

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने छपरावर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. जमाखर्च, घसारा, ताळेबंद हे आमचे विषय. परंतु मी ज्या पन्हळीविषयी लिहिणार आहे तिने मला जमाखर्चाचा जो धडा शिकवला, तो वर्गात शिकलेल्या धड्यांपेक्षा अधिक लक्षात राहिला आहे. शिवाय हा लेख नुसत्या पन्हळीवर नाही, तर पन्हळीत अडकलेल्या बर्फावर आहे. बेळगावात राहून बर्फाच्या गोष्टी कशाला, असे विचारण्यापूर्वी वाचकांनी थोडा धीर धरावा, ही विनंती.

बेळगावच्या माणसाला पन्हळ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. मृग लागण्यापूर्वी घर शाकारायचे, फुटकी कौले बदलायची, पन्हळीतला कचरा काढायचा, हे येथील प्रत्येक कौलारू घराचे दरवर्षीचे काम. छपराचा जो सर्वांत उंच कणा असतो ते आढे, आणि छपराची भिंतीबाहेर आलेली खालची कड ती वळचण. पाऊस आढ्यावर पडतो, उतारावरून धावत वळचणीला येतो, आणि तेथे लावलेली पन्हळ ते पाणी गोळा करून भिंतीपासून दूर नेते. आढ्याचे पाणी वळचणीला जायचेच, असे आपण म्हणतो. याच्या उलट, वळचणीचे पाणी आढ्याला गेले असे म्हटले, की न घडणारी गोष्ट घडली असा अर्थ होतो. ही न घडणारी गोष्ट मी २०२४ च्या फेब्रुवारीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.

रामाकोन्याचे घर

माझे आजोळ रामाकोना. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना सौंसर मागे टाकले की हे गाव लागते. येथून पुढे सातपुड्याचा चढ सुरू होतो. गाव मध्य प्रदेशात असले तरी घराघरांत मराठी बोलली जाते. पूर्वी हा भाग छिंदवाडा जिल्ह्यात होता. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. लहानपणी आम्ही नागपूरहून नॅरोगेजच्या छोट्या गाडीने तेथे जात असू. ती गाडी २०१५ साली बंद झाली आणि आता तेथे मोठ्या रुळांवरून गाडी धावते. संत्री आणि कापूस ही त्या भागाची दोन मुख्य पिके. वडिलांची नोकरी बँकेची असल्याने मी चौथीत असताना आम्ही बेळगावला आलो. येथे मी मराठी शाळेत शिकलो आणि कानडी गल्लीतल्या मित्रांकडून शिकलो. पण सुट्टी लागली की पाय रामाकोन्याकडेच वळतात.

मामांचे घर जुने आहे. पुढे सपरी, मागे माजघर, आणि बाजूला पुढे कधीतरी वाढवलेली एक लांब खोली. बेळगावात ज्याला आपण कौल म्हणतो त्याला तिकडे कवेलू म्हणतात. जुन्या घराचा एक पाखा आणि नव्या खोलीचा एक पाखा एकमेकांकडे उतरतात, आणि दोहोंच्या मधोमध जस्ती पत्र्याची एक रुंद पन्हळ आहे. दोन्ही छपरांचे पाणी त्या एकाच पन्हळीत येते. बाहेरच्या पन्हळीतून पाणी सांडले तर अंगणात सांडते. ही मधली पन्हळ मात्र भिंतीच्या माथ्यावर बसलेली असल्याने तिच्यातून सांडलेले पाणी थेट घरात येते. घराच्या मागे कडुलिंबाचे मोठे झाड आहे. त्याची पानगळ माघ-फाल्गुनात होते, आणि तिचा निम्मा भाग या मधल्या पन्हळीत जमा होतो.

त्या फेब्रुवारीत मामेबहिणीचे लग्न होते. मी बारा दिवस अगोदर पोहोचलो. दुसऱ्याच दिवशी मामा म्हणाले, "बापू, तेवढा मधल्या पन्हाळीतला पाला काढून टाकजो." मी हो म्हणालो. काम दोन तासांचे होते. शिडी परसातच होती. पण त्या दिवशी पाहुणे आले, दुसऱ्या दिवशी आम्ही सौंसरला खरेदीला गेलो, तिसऱ्या दिवशी मी मोबाइलवर सामना पाहत बसलो. पाऊस जूनमध्ये येतो, पाला केव्हाही काढता येईल, असा माझा हिशेब होता.

चौथ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेकडून आभाळ काळे झाले. वारा सुटला आणि कवेलूंवर मुठीने खडे फेकावेत तसा आवाज सुरू झाला. पहिल्या गारा बोराएवढ्या होत्या. मागून आलेल्या काही लिंबाएवढ्या होत्या. सारे पंधरा-वीस मिनिटांत आटोपले. अंगण पांढरे झाले होते आणि लग्नघरातली मुले गारा वेचून तोंडात टाकत होती. तेवढ्यात मामीने बाजूच्या खोलीतून हाक मारली. भिंतीच्या वरच्या कडेवरून पाणी येत होते, ठिबकत नव्हते, पाट फुटल्यासारखे वाहत होते. त्या खोलीत भाव वाढेल म्हणून ठेवलेला सात क्विंटल कापूस होता.

मामा शिडी लावून वर गेले. मी खाली शिडी धरून उभा होतो. मधली पन्हळ काठोकाठ पांढरी भरली होती. पाणी उतरण्याच्या तोंडाशी लिंबाचा पाला आणि गारा यांचे एक घट्ट बूच बसले होते. त्याच्यामागे पाणी तुंबून कवेलूंच्या खालून वर चढले होते आणि भिंतीच्या माथ्यावरून आत उतरत होते. वळचणीचे पाणी आढ्याच्या वाटेला लागले होते. मामांनी ते बूच हातांनी फोडले. पाणी धाडकन खाली गेले. उतरल्यावर त्यांची बोटे लाल झाली होती आणि त्यांना मूठ वळता येत नव्हती.

सुमारे दोन क्विंटल कापूस भिजला. लग्नाच्या गडबडीत तो अंगणात पसरून वाळवला, पण त्याच्यावर पिवळी छटा आली ती आली. कापसाला ओलावा किती महाग पडतो हे वाणिज्य शाखेच्या मित्रांनी लक्षात घ्यावे. भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने खरेदी करते तेव्हा आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत भावात कपात होते, आणि बारा टक्क्यांच्या वर कापूस घेतलाच जात नाही. मामांनी तो ढीग मिळेल त्या भावाने विकला. कापसाच्या पैशांतून मंडपवाल्याचा हिशेब चुकता करायचा होता. तो शेवटी उसनवारीने चुकता झाला.

मला कोणी बोलले नाही. तिकडे भाच्याला मान देण्याची रीत आहे, त्यामुळे मामा बोलणे शक्यही नव्हते. "जाऊ दे बापू, पाण्याले कोन अडवते?" एवढेच ते म्हणाले. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते.

गारांचा बर्फ

बेळगावला परत आल्यावर मी या प्रकाराचा थोडा अभ्यास केला. भाषेपासूनच सुरुवात करतो. मराठीत गार हा शब्द आकाशातून पडणाऱ्या बर्फालाही आहे आणि चकमकीच्या दगडालाही आहे. कानडीत गारेला आलीकल्लू म्हणतात आणि त्यातही कल्लू म्हणजे दगडच. दोन्ही भाषांच्या लोकांना गार म्हणजे आधी दगड वाटली, बर्फ नंतर.

गार तयार होते ती गडगडाटी ढगात. जमिनीजवळची गरम, दमट हवा जोराने वर चढते. तिच्यातले पाण्याचे थेंब जेथे तापमान शून्याच्या खाली असते अशा उंचीवर जातात. तेथे एखादा बर्फाचा कण तयार झाला की त्याच्यावर गार पाण्याचे थेंब आदळून गोठत राहतात आणि थरावर थर चढतात. मोठी गार मधोमध कापली तर कांद्यासारखे पदर दिसतात ते याचमुळे. वर चढणाऱ्या हवेला पेलवेनासे झाले की गार खाली पडते. मध्य भारतात हे विशेषेकरून फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिलमध्ये घडते. त्या दिवसांत पश्चिमेकडून येणारे हवेचे विक्षोभ उंचावर थंड हवा आणतात आणि खालून समुद्रावरचे दमट वारे येतात. पावसाळ्यात ढग पुष्कळ असले तरी शून्य तापमानाची पातळी फार उंच असते. त्यामुळे गार झालीच तरी वाटेत वितळून जाते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात जी गारपीट झाली तिने उभी पिके झोडपून काढली, हे अनेकांना आठवत असेल.

गारांच्या बातम्यांत पिकांचे नुकसान येते, आणि ते योग्यच आहे. पण गार पन्हळीचा शत्रू कशी होते हे सहसा कोणी सांगत नाही. गार पाण्यावर तरंगते. त्यामुळे पन्हळीतले पाणी तिला वाहून थेट उतरत्या नळाच्या तोंडाशी नेते. तेथे पाला असला की ती अडकते, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. मग प्रश्न येतो की बर्फ उन्हाळ्याच्या तोंडावर लगेच वितळत का नाही? एक ग्रॅम बर्फाचे शून्य अंशाच्या पाण्यात रूपांतर करायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेने ते शून्य अंशाचे पाणी ८० अंशांपर्यंत तापवता आले असते. पन्हळीत साचलेल्या किलोगणती गारांना एवढी उष्णता मिळायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ पाऊस थांबत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रामाकोन्याच्या पन्हळीत पाणी गोठले नव्हते. बर्फ तयार होऊनच वरून आला होता. आपल्याकडे पाणी जागच्या जागी गोठण्याचे प्रसंग थोडे आहेत. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात काही वर्षी जानेवारीत पहाटे दव गोठते आणि गवतावर, मोटारींच्या टपांवर पांढरा थर दिसतो. निरभ्र रात्री जमीन आणि पत्रा आपली उष्णता आकाशाकडे सोडत हवेपेक्षाही थंड होतात, म्हणून हे घडते. पण तो थर नखाएवढा जाड असतो आणि उन्हे येताच जातो. त्याने पन्हळ फुटत नाही. खऱ्या अर्थाने गोठणारी पन्हळ पाहायची तर फार दूर जावे लागते. मला ती आमच्याच एका नातेवाइकामुळे पाहायला मिळाली.

ऑटावाचे घर

माझा एक मावसभाऊ कॅनडात ऑटावा शहरी असतो. जानेवारीत तेथील रात्री उणे पंधरा अंशांच्या आसपास असतात आणि हिवाळाभरात दोन मीटरहून अधिक बर्फ पडतो. रामाकोन्याचा प्रकार मी त्याला फोनवर सांगितला, तेव्हा तो हसला नाही. त्याने फोन उचलून मला आपल्या घराचे छत दाखवले. भिंतीला लागून छतावर पिवळसर ओला डाग पसरला होता. बाहेर वळचणीला हातभर लांब बर्फाचे सुळे लोंबत होते. ते आईने पाहिले आणि म्हणाली, "किती सुंदर दिसतात रे, झुंबरांसारखे!" त्यावर तो म्हणाला, "मावशी, हे सुळे म्हणजे आजाराचे लक्षण आहे."

त्याने समजावून सांगितले ते असे. छपरावर बर्फाचा जाड थर असतो. घरात शेगडी चालू असते आणि घरातली ऊब छताच्या फटींतून वरच्या पोटमाळ्यात जाते. त्या उबेने छपराचा वरचा भाग शून्याच्या थोडा वर तापतो आणि बर्फाचा तळ वितळू लागतो. हे पाणी बर्फाखालून उतारावर वाहत वळचणीला येते. पण वळचण भिंतीबाहेर असते. तिच्याखाली ऊब नसते, उघडी थंड हवा असते. तेथे आले की पाणी पुन्हा गोठते. आधी पन्हळ भरून गोठते, मग तिच्यावर बर्फाचा बांध चढत जातो. बांधामागे पाणी तुंबते आणि वर सरकत जाते. म्हणजे पुन्हा वळचणीचे पाणी आढ्याला!

येथे मला दोन्ही घरांतले साम्य दिसले. आपली कौले असोत, रामाकोन्याची कवेलू असोत की तिकडच्या डांबरी चकत्या असोत, सर्व एकावर एक चढवून बसवलेली असतात. वरच्याचे पाणी खालच्यावर पडावे, एवढीच त्यांची रचना. हे छप्पर वाहत्या पाण्यासाठी केलेले असते, साचलेल्या पाण्यासाठी नव्हे. पाणी खाली वाहत आहे तोवर एक थेंब आत येत नाही. तेच पाणी थांबून मागे चढू लागले की प्रत्येक सांधा ही एक उघडी खिडकी होते.

गोठलेल्या पन्हळीचे वजनही ध्यानात घेण्याजोगे आहे. साडेबारा सेंटिमीटर रुंद, दहा सेंटिमीटर खोल आणि दहा मीटर लांब अशी पन्हळ बर्फाने भरली, तर तो बर्फ सुमारे ११५ किलो होतो. शिवाय पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे सांधे उकलतात, खिळे उपटतात, उतरते नळ उभे चिरतात. मावसभावाच्या घराची एक बाजूची पन्हळ अशीच लोंबकळत होती.

पण मुख्य मुद्दा पुढेच आहे. त्याने प्रथम दोष पन्हळीला दिला आणि तीत वीज वाहून तापणारी तार बसवून घेतली. अशा तारेला दर फुटाला पाच ते आठ वॉट वीज लागते. शंभर फूट तार आणि सरासरी सहा वॉट धरले तर ६०० वॉट झाले. ती चोवीस तास चालली तर दिवसाला १४.४ युनिट! तारेने पन्हळीत पाण्याला वाट मिळाली खरी, पण बांध तारेच्या वर थोडा मागे सरकून पुन्हा तयार झाला. मग शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने त्याला रस्त्यावर उभे करून दोन्ही छपरे दाखवली. शेजाऱ्याच्या छपरावर बर्फ सर्वत्र सारखा होता आणि वळचणीला सुळे नव्हते. मावसभावाच्या छपरावर मधेमधे बर्फ वितळून काळे डाग उघडे पडले होते. ते डाग जेथे होते त्याच्या बरोबर खाली न्हाणीघराचा पंखा होता, आणि त्याची गरम वाफ बाहेर जाण्याऐवजी पोटमाळ्यात सुटत होती. बर्फ दिसत होता पन्हळीत, पण चूक होती छताच्या वर.

उपाय कोणते?

त्याच्याकडून आणि वाचनातून जे समजले ते क्रमाने देतो. आमच्यातले कितीतरी विद्यार्थी पुढे थंड देशांत जातात, त्यांना ते उपयोगी पडेल.

पहिले काम म्हणजे हिवाळ्यापूर्वीची सफाई. तिकडची झाडे शरद ऋतूत पाने गाळतात. ती गळून संपली की पन्हळ आणि उतरता नळ दोन्ही साफ करावे. वरून पाणी ओतून ते नळाच्या खालच्या टोकातून मोकळे येते की नाही हे पाहावे. पन्हळीला दर दहा फुटांना निदान पाव इंच उतार असावा. उतार नसला की पाणी साचते, आणि साचलेले पाणीच प्रथम गोठते.

दुसरे आणि सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे घरातली ऊब वर जाऊ न देणे. छताला दिव्यांसाठी, नळांसाठी पाडलेली भोके आधी बुजवावीत आणि मग पोटमाळ्याच्या जमिनीवर काचलोकरीसारख्या उष्णतारोधक वस्तूचा जाड थर घालावा. न्हाणीघराचा आणि स्वयंपाकघराचा पंखा घराबाहेर उघडावा. पोटमाळ्यात वळचणीखालून थंड हवा शिरावी आणि आढ्याजवळून निघावी अशी वाट ठेवावी. छप्पर सगळीकडे सारखेच थंड राहिले की बर्फ अवेळी वितळत नाही. ऐकायला उलटे वाटते, पण बर्फापासून छपराचा बचाव त्याला तापवून होत नाही, थंड ठेवून होतो.

तिसरे, छप्पर नव्याने घालायचे झाले तर वळचणीपाशी चकत्यांखाली चिकटणारा जलरोधक पडदा घालतात. तो भिंतीच्या आतल्या बाजूस निदान दोन फूट पुढे गेलेला असावा. म्हणजे बांधामागे पाणी तुंबले तरी आत उतरत नाही.

चौथे, बर्फ फार पडला तर लांब दांड्याच्या फावड्याने जमिनीवर उभे राहूनच वळचणीजवळचा बर्फ ओढून काढावा. निसरड्या शिडीवर चढू नये. कुऱ्हाडीने किंवा हातोड्याने बर्फ फोडू नये, त्याने बर्फाआधी छप्पर फुटते. मीठ टाकू नये, ते पत्रा आणि खालची झाडे दोन्ही खाते. तापणारी तार हा शेवटचा उपाय, आणि तीही विजेचा धक्का टाळणारे स्वयंचलित बटण बसवूनच.

आमच्या गल्लीत मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार काका राहतात. त्यांच्या पलटणीचे केंद्र बेळगावातच असल्याने असे अनुभवी लोक आपल्या शहरात पुष्कळ आहेत. त्यांना हे सारे सांगितले तेव्हा ते म्हणाले, की काश्मिरात घरांवर पत्र्याची उंच, उतरती छपरे असतात ती एवढ्याचसाठी, की बर्फ आपोआप घसरून पडावा. तेथे २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस जो कडक हिवाळा असतो त्याला चिल्लई कलान म्हणतात, आणि त्या दिवसांत वळचणीला सुळे लोंबलेले असतात. अशा छपराला कच्ची पन्हळ लावली तर घसरणारा बर्फ तिला सोबत घेऊनच खाली येतो. लडाखात मात्र घरांची छपरे सपाट मातीची. तेथे बर्फ मुळात थोडा पडतो, आणि पडला की लोक फावडे घेऊन तो लगेच खाली लोटतात. "वितळायची वाट बघायची नाही," असे काका म्हणाले. प्रत्येक मुलुखाने आपापल्या पाण्याचा स्वभाव ओळखून छप्पर केले आहे, हे यावरून दिसते.

जमाखर्चाचा धडा

आता वाणिज्याकडे येतो. पन्हळीतला पाला काढण्याचा खर्च हा महसुली खर्च. तो केला की लगेच संपतो, त्यातून मालमत्ता तयार होत नाही, आणि वर्षअखेरीस ताळेबंदात त्याची खूणही राहत नाही. म्हणून काटकसर करायची झाली की माणसे प्रथम याच खर्चावर काट मारतात. नवीन पन्हळ बसवणे, तापणारी तार विकत घेणे, हा भांडवली खर्च डोळ्यांना दिसतो. मावसभावाने प्रथम तार विकत घेतली आणि छताची भोके नंतर बुजवली. मी तर दोन तासांची मेहनतही वाचवली. तिची किंमत दोन क्विंटल कापसाने भरली, आणि तीही माझ्या खात्यातून नव्हे, मामांच्या खात्यातून. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला आपण हसतो, पण तो निदान स्वतःच्या तहानेसाठी तरी खणतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत सत्राची सुट्टी मिळाली तेव्हा मी पुन्हा रामाकोन्याला गेलो. या वेळी पहिल्याच सकाळी शिडी लावली. लिंबाचा पाला चार टोपल्या निघाला. तळाशी काळा चिखल बसला होता, तो खुरप्याने खरवडून काढला. मग सौंसरहून एका पत्रेवाल्या कारागिराला बोलावले आणि दोन कामे करून घेतली. एक म्हणजे पाणी उतरण्याचे तोंड पूर्वीच्या दुप्पट रुंद केले आणि त्यावर मोठ्या छिद्रांची उंच जाळी बसवली. सपाट जाळीवर पाला बसून ती झाकली जाते. टोपीसारख्या उंच जाळीच्या बाजू निदान काही वेळ उघड्या राहतात. दुसरे काम म्हणजे पन्हळीच्या अंगणाकडील टोकाला पत्रा चार बोटे खाली कापला. धरणाला जसा सांडवा असतो तसा हा पन्हळीचा सांडवा. उद्या गारांनी तोंड बंद झालेच, तर पाणी भिंतीच्या माथ्यापर्यंत चढण्याआधी या कापातून अंगणात पडेल. मामा खाली उभे राहून पाहत होते. म्हणाले, "हे तर पहिलेच कराले पाहिजे होतं."

त्या सुट्टीत मी आठ दिवस होतो आणि तेवढ्या दिवसांत गारा पडल्या नाहीत. पन्हळ कोरडी राहिली, सांडव्यातून थेंबही गेला नाही. एका अर्थी माझे सारे श्रम वाया गेले. पण देखभालीचा हिशेब असाच असतो. तिचा नफा कोणत्याही खात्यावर जमा दिसत नाही. जे नुकसान झाले नाही त्याची नोंद करायला आमच्या वह्यांत रकाना नाही. त्यामुळे हिशेब शिकणाऱ्या माणसाने तर ही गोष्ट अधिकच लक्षात ठेवावी.

वाचक मित्रहो, यातले बर्फाचे सारे विसरले तरी चालेल. बेळगावात पन्हळ गोठत नाही. पण आपल्याकडे नारळाच्या झावळ्या आहेत, आंब्याचा पाला आहे, आणि मृगाचा पाऊसही गारांसारखाच अचानक येतो. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने यंदा पन्हळ साफ करायला सांगितली, तर उद्या करतो असे म्हणू नका. कानडी विभागातील मित्रांनाही माझे हेच सांगणे आहे. शिडी लावा आणि त्याच दिवशी वर चढा.